मांडीचा प्रश्न

हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मूत्राशयात कॅन्सर निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी मूत्राशयच काढून टाकलं आणि पोटाला छिद्र पाडून त्यावर लघवीसाठी पिशवी चिकटवून दिली. दादा वाचले. हळद घेऊन वसमतला जाऊ लागले, गड्यांवर ओरडू लागले. फक्त पंगतीला जायचे बंद झाले. लग्न असो की बारसं, "पोट जड हाय" म्हणत घरीच भाकरी मागायचे. ज्यांच्या खाण्याची चर्चा शिरड शहापूरपर्यंत, त्यांचं पोट जड? माझा संताप व्हायचा.

वर्षाच्या तपासणीला मी आणि माय सोबत गेलो. डॉक्टरांनी छापील कागद काढला. आजार गेला तरी माणूस जगतोय कसा, तेही मोजावं लागतं, म्हणाले. जिना चढताना त्रास होतो का? झोप लागते का? लोकांत मिसळता का?

आता आमच्याकडे परक्या माणसाने खुशाली विचारली की रडगाणं गायचं नसतं. दादा प्रत्येक प्रश्नाला "एकदम बराबर, साहेब" म्हणाले, आणि वर "तुमची लेकरं कशी हायत?" असंही विचारून घेतलं. डॉक्टर खूश. "फारच छान. आता वर्षाने या."

दादा उठले. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात माय बोलली. पदर डोक्यावरून सरकू न देता, पण ठणकावून.

"साहेब, काहीच बराबर न्हाई. पुढच्या महिन्यात पुसेगावला माझ्या भाचीचं लग्न हाय, अन् हे येत न्हाई म्हणून राहिले. ऑपरेशन झाल्यापासून एका पंगतीला बसले न्हाईत."

दादांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर गप्प झाली असती. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि "का बसत नाही?" एवढंच विचारलं. दादा परत खुर्चीत बसले.

"मांडी घातली की पिशवी सुटती, साहेब. घरी दोनदा सुटली. पंगतीत सुटली तर बाजूचा माणूस भरल्या ताटावरून उठंल. कुनाला असं उठवायचं का?"

डॉक्टरांनी त्यांना तिथेच खाली बसायला लावलं आणि स्वतः समोर उकिडवे बसले. मांडी घालताच छिद्राशेजारी पोटाला घडी पडत होती आणि पिशवीची चिकटपट्टी तिथूनच उचलली जात होती. आजवर पिशवी लावली ती झोपवून, तपासली ती खुर्चीत बसवून. "एवढ्या प्रश्नांत मांडीचा प्रश्नच नाही," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. मग घडीत भरायला पेस्ट दिली, कमरेला पट्टा दिला, धोतराची गाठ कुठे मारायची तेही दाखवलं. घरी दादा रोज मांडी घालून जेवू लागले. पिशवी जागची हलली नाही, पण लग्नाला येतो असं काही ते म्हणेनात.

आले. पुसेगावच्या पंगतीत मी वाढायला होते. दादा कडेला बसतील असं वाटलं होतं, पण मामांनी "दाजी, इकडं या" म्हणत त्यांना मधोमध बसवलं. मठ्ठा वाढताना माझं लक्ष त्यांच्या कमरेकडेच होतं. सगळ्यांची जेवणं झाली, दादांचं चालूच. शेवटचा माणूस जेवल्याशिवाय पंगत उठत नाही, म्हणून अख्खी रांग उष्टे हात वाळवत थांबली.

"दाजी, उठू द्या की आता!" मामा ओरडले.

दादांनी मानही वर केली नाही. "बसा गुमान. माझी जिलबी येऊन राहिली."

जिलबीचं ताट माझ्याच हातात होतं, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला त्यांचं पान दिसेना.