हिरवा कुठे गेला

मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी माझे केस हिरवे करून घेतले. पांढऱ्या केसांना आधी मेंदी लावायची, मग इंडिगोची पूड. मला वाटलं, शेवटी काळेच व्हायचे आहेत, तर आधी मेंदी कशाला? नुसती पूडच लावली. पन्नाशी आली होती, अक्कल यायची होती. धुऊन आरशात पाहिलं, तर डोक्यावर शेवाळ. हे म्हणाले, "उद्या दाराला तोरण नको. तूच उभी राहा."

व्याह्यांसमोर अशी कशी जाणार? डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेले. तिथली शोभा हसली नाही. तिनं त्या हिरव्यावर सरळ मेंदीच थापली.

"अगं, आता वरून लाल? पोपट दिसेन मी."

"बसा हो काकू."

दोन तासांनी केस धुतले, तर ते तपकिरी, अगदी माझेच वाटावेत असे.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. काल नातीनं रंगाच्या हिरव्या पाण्यात लाल ब्रश बुडवला, आणि पाणी बघता बघता मातीच्या रंगाचं झालं. मी हातातली भाजी निवडायची विसरले. झाडाचं खोड, ओली माती, कपातला चहा. या साध्या रंगांत कोण कोण निमूट बसलं असेल, कोण जाणे.

त्या दिवशी मी शोभाला विचारलं होतं, "हिरवा गेला कुठे गं?"

केस पुसता पुसता ती म्हणाली, "कुठे जातोय, काकू? आतच आहे. एकटा होता म्हणून दिसत होता."