रबराच्या चटईखाली

एकाहत्तरची लढाई संपल्यावर माझं पोस्टिंग नागपूरला झालं. कॅडेट पोरांना घोडेस्वारी शिकवणारं छोटंसं रायडिंग स्कूल. एक कॅप्टन साहेब, थोडे घोडे आणि मी, दफेदार. घरी पत्रात मी 'मोठी जबाबदारी' असं लिहिलं. जबाबदारीतला बराचसा भाग लीद होता.

कामठीला परेड असली की आमचे घोडे चालत जायचे आणि परेडआधीच घामाघूम व्हायचे. शेवटी सेकंडहँड ट्रक घ्यायची मंजुरी आली.

"दफेदार, तुम्ही पसंत करा," साहेब म्हणाले. "मी सही करतो."

पहिला ट्रक इतका उंच, की घोड्यांना जिना लागला असता. दुसऱ्याच्या आत पत्र्याच्या धारा बाहेर आलेल्या. तिसरा नागपुरातच, जरीपटक्याला, रिसालदार बोंडे साहेबांच्या गॅरेजमध्ये. बोंडे साहेब माझे उस्ताद. रिक्रूट असताना मला खोगिरावर त्यांनीच बसवलं, आणि पडलो की शिव्याही त्यांनीच घातल्या. रिटायर होऊन ते जुन्या गाड्यांच्या धंद्यात पडले होते.

ट्रक मनासारखा होता. रॅम्प लांब, चढ कमी. दोन घोड्यांमध्ये आडवी फळी. वाऱ्याला झरोके. खाली पाय घसरू नये म्हणून जाड रबराची चटई, चारी कडांनी खिळे मारून पक्की केलेली.

मी तिथंच थांबलो. उस्तादांचा धडा होता : चटई कधी ठोकायची नाही. घोड्याचं मूत खाली झिरपतं, लाकूड सडतं. रोज चटई उचलायची, धुवायची, खालची फळी टाचेनं ठोकून बघायची.

"उस्ताद, चटई ठोकली काहून?"

"सरकत होती गा."

"एक कोपरा उचलून पाहू काय जी?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पाह्य ना. उस्तादाची झडती घे. मीच शिकवलं तुले."

दफेदार रिसालदाराची झडती घेत नाही. मी चहा प्यायलो आणि परत जाऊन रिपोर्ट दिला, "गाडी ओके, सर," आणि तसं लिहूनही दिलं.

परेडच्या सकाळी आधी जमनेला चढवलं. जमना आमची सगळ्यांत शांत घोडी. पहिल्यांदा बसणारा पोरगा तिच्यावरच बसायचा. रॅम्पच्या टोकाला ती थांबली. पुढचा पाय चटईवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मी दोर धरून नेहमीसारखा पुढं चालत राहिलो. ती माझ्यामागं आली.

घोड्यासोबत मागं माणूस उभा असतो. तो मी होतो. कामठी रोडवर ट्रक खड्ड्यात आदळला. खाली लाकूड तुटलं. जमनेचा मागचा पाय चटई फाडून आरपार गेला, आणि ट्रक अजून चालतच होता.

"गाडी रोको!" मी केबिनचा पत्रा बडवला.

व्हेटर्नरी साहेब कामठीहून जीपनं आले. त्यांनी पाय पाहिला आणि होल्स्टर उघडलं.

"दफेदार, डोकं धरा."

"जी सर."

मी धरलं.

नंतर चटई उचलली. फळ्या काळ्या, चहात भिजलेल्या टोस्टासारख्या. वर पातळ, कोरं प्लायवुड. मी चटई उचलून बघणार हे उस्तादांना ठाऊक होतं. ते त्यांनीच शिकवलं होतं. 'उस्तादाची झडती घे' म्हटल्यावर उचलणार नाही, हेही ठाऊक होतं. तेही त्यांनीच शिकवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी जरीपटक्याला गेलो.

"घोडीच होती गा," उस्ताद म्हणाले. "माणूस तं नाही गेला ना?"

मी सवयीनं सॅल्यूट मारला आणि बाहेर आलो. चौकशीत माझा 'ओके' सगळ्यांनी वाचला. बढती अडकली ती अडकलीच.

आता लग्नाकार्यात बसण्याआधी मी सतरंजीचा कोपरा उचलून बघतो. बायको सगळ्यांदेखत म्हणते, "बसा ना जी, खाली का साप हाये?" पाहुणे हसतात. मीही हसतो, पण कोपरा बघूनच बसतो.

दरवर्षी आम्हा जुन्या सवारांचा मेळावा भरतो. लढाईत गेलेल्यांची नावं वाचली जातात. वाचण्याचा मान सगळ्यांत सीनियर माणसाचा, म्हणजे बोंडे साहेबांचा. यंदाही त्यांनी वाचली. आवाज अजून परेड ग्राउंडचाच. प्रत्येक नावाला आम्ही ताठ उभे. शेवटचं नाव झालं, शांतता झाली.

"जमना," मी म्हणालो.

शेजारचा कुजबुजला, "हा कोणत्या स्क्वाड्रनचा गा?"

उस्तादांनी कागदाची घडी घातली. ती घालायला त्यांना फार वेळ लागला. मान वर केली नाही.