चौथीची ग्रामपंचायत

“सदस्य फिरायला गेल्यात,” दुसऱ्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं.

हे मी ऐकलं आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर निरीक्षणाला बसलेल्या आमच्या कॉलेजच्या सरांनीही ऐकलं. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. पाठ अजून सुरूही झाला नव्हता.

शेवगाव तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत मी छात्राध्यापिका होते. मामाचं गाव, म्हणून राहायलाही त्याच्याकडेच. हा माझा शेवटचा पाठ. हा बिघडला तर पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून, हे सरांनी आल्याआल्या, पाणी पिण्याच्याही आधी सांगून टाकलं होतं. विषय होता ग्रामपंचायत.

मी नगरला इंग्रजी माध्यमात शिकले. तिथून मी दोन गोष्टी नीट शिकून आले : बूट पुसणं आणि गप्प बसणं. म्हणून मी पाठच असा आखला की मला कमीत कमी बोलावं लागेल. वर्गाने आधी मतदान करून सात सदस्य निवडायचे आणि पाठाच्या दिवशी त्या सातांनी सरांसमोर सरपंच निवडायचा. (हल्ली सरपंच थेट गावातून निवडून येतो, हे मला पोरांनीच सांगितलं. पण पाठाचं टाचण मंजूर झालं होतं आणि मंजूर टाचणापुढे कायद्याचं काही चालत नाही.)

मतदान झालं. माझी मामेबहीण गौरी हिच्या पॅनलचे तीन आले. गावच्या खऱ्या सरपंचांचा नातू यश, त्याचे तीन. सातवी आली सोनाली, अपक्ष. ती शेवटच्या रांगेत बसायची आणि माझ्याइतकंच बोलायची. तिला मतं का दिलीत, असं विचारलं तर पोरं म्हणाली, “ती कुनाशी भांडत न्हाई.” आता सरपंच तिच्या एका मतावर ठरणार होता. त्या दिवसापासून खिचडीच्या वेळी तिच्या ताटाशेजारी बसायला ढकलाढकली सुरू झाली.

इथे मामाचा थोडा हातभार लागला. मामा मागे उपसरपंच होता होता राहिला, कारण त्याची दोन माणसं ऐनवेळी फुटली. तेव्हापासून त्या घरात जेवताना दुसरा विषय नसतो. पाठाच्या आदल्या संध्याकाळीही तेच चाललं होतं.

“पप्पा, मानसं फुटू नये म्हनून काय करायचं?” गौरीने विचारलं.

“न्यायची फिरायला. मोबाईल काढून घ्यायचे, खाऊपिऊ घालायचं आन् थेट मतदानालाच आनायची.”

“लांब न्यावं लागतं का?”

“समोरच्याला घावनार न्हाईत इतपत.”

मी हे ऐकलं. मी सगळंच ऐकते. मला वाटलं, मामा आपलं दुःख सांगतोय.

तर आता सदस्यांच्या सतरंजीवर सातांऐवजी तिघेच बसले होते. यश उभा राहिला. “म्याडम, गौरीनं आमचा अपक्ष पळवला.”

“तुमचा कसा रे?” मागून एकजण.

“आमचाच हाय. माझा पेरू खाल्लाय तिनं.”

“सुरुवात करा,” सर म्हणाले. मी फळ्यावर ‘ग्रामपंचायत’ लिहायला घेतलं. इतक्या सावकाश आणि सुबक अक्षरात हा शब्द जिल्ह्यात आजवर कुणी लिहिला नसेल.

शेवटची रेघ ओढत होते तोच बाहेर टेम्पो थांबला. मामा उतरला. मागून गौरी आणि तिचे दोन सदस्य, तिघांच्याही तोंडात चुरमुऱ्यांचा भत्ता. सकाळपासून तिघं आमच्या कांद्याच्या चाळीत ‘फिरायला’ गेले होते. मामाने दारात चपला काढल्या आणि सरांना नमस्कार करून विचारलं, “मतदान उरकलं न्हाई ना?”

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मामाकडे नुसतं बघितलं. त्याने तो होकार धरला.

तोवर कुणीतरी शाळेशेजारच्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत वर्दी दिली होती, त्यामुळे यशचे आजोबा, म्हणजे सरपंच, स्वतः आले.

“अपक्ष कुठंय?” त्यांनी मामाला विचारलं.

“ते तुमीच सांगा. आमच्याकडं न्हाई.”

“लेकरांत राजकारन आनता व्हय?”

“मंग तुमी काय खडू द्यायला आलाय?”

वर्गशिक्षक गुरुजी दोघांनाही “बसा, बसा” म्हणत होते. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर आमचे सर होते. सरांनी पाय जवळ घेतले. वर्ग मात्र एकदम शांत. माझ्या एकाही पाठाला पोरांनी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

“सोना गेली,” सोनालीच्या शेजारी राहणारी कोमल म्हणाली.

“कुठं?” दोघांनी एकदमच विचारलं. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

“कारखान्यावर. ऊस तोडाया. पहाटं ट्रक आला हुता. कोयतं ठिवलं, शेळी चढवली, मंग ती बसली. म्हनली, म्याडमला सांग, मला आज यायचं हुतं.”

मग गुरुजी खिडकीकडे बघत म्हणाले, “आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावात राहावीत, म्हणून वसतिगृहाला खोली मागितली होती पंचायतीकडे.”

“ठराव ह्यांच्या मानसांनी अडीवला,” सरपंच म्हणाले.

“तुमी मांडलाच कवा?” मामा म्हणाला.

गौरीने भत्ता गिळला. “मंग तिचं मत कुनाकडं धरायचं?”

तीन विरुद्ध तीन. सतरंजीवरची सातवी जागा तशीच.

सरांनी घड्याळ पाहिलं. “मॅडम, पाठ पूर्ण करा. अर्धवट पाठाला गुण नसतात.”

माझ्या मनात बरीच वाक्यं आली. काही मामासाठी, काही सरपंचांसाठी, निम्मी इंग्रजीत. पण हातात टाचण होतं आणि त्यात ‘मूल्यमापन’ या शीर्षकाखाली एकच प्रश्न विचारायचा राहिला होता. सर वर्षभर सांगत आले तसा मी आवाज चढवला. तो टेम्पोपर्यंत ऐकू गेला असणार. दारात उभ्या असलेल्या त्या दोघांकडे तोंड करून मी टाचणातलं वाक्य जसंच्या तसं वाचलं :

“तर मुलांनो, सांगा पाहू, ग्रामपंचायत आपल्यासाठी काय काय करते?”