शेवटच्या गड्याची वेळ

सांघिक सायकल शर्यतीत वेळ शेवटच्या गड्याची धरतात, आणि आमच्या चौघांत तो मान माझा. घाटात माझा वेग असा, की एका गोगलगाईनं मागून घंटी वाजवली. पुढच्या वळणावर तिघे पाय टेकून उभे.

"निघा रे!" मी ओरडलो.

"वर जाऊन आरती करू काय? वेळ तुझीच लागणार," म्हणत सुहासनं सायकल शेजारी घेतली आणि पाठीवर तळवा टेकवून मला रेटू लागला.

एकट्यानं हरणं किती सोपं! घरी पंक्चरची थाप मारता येते. इथं माझ्यापायी तिघं हरणार, आणि एकही रागानं बघत नाही.

माथ्यावरून वेळ संपल्याची शिट्टी ऐकू आली. तरी सुहासचा हात पाठीवरून हलेना, आणि मला "सोड आता" म्हणवेना.