बेगमपुऱ्यातले एकोणीस रोल

नूतनला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. डिंडोलीतल्या घरात ती गॅसवर फोडणी टाकून धुणं वाळत घालायला जायची. धुणं घालताना समोरच्या गॅलरीतली निळी चादर दिसली, की त्या निळ्यात लाल किती असेल याचा विचार सुरू व्हायचा. तोवर इकडे फोडणी करपलेली. वडील गेल्यापासून आई कलाबाई तिच्याकडेच राहत होती. ती आतून ओरडायची, “तुन्हा पायले भिंगरी शे का व माय? घडीभर बस ना!”

बसणार कशी? पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये ती अकरा वर्षं शेड जुळवत होती. व्यापारी बोटाएवढी चिंधी पाठवायचा आणि तंतोतंत तसाच रंग हजारो मीटर कापडावर उतरला पाहिजे असं सांगायचा. नूतन काचेच्या छोट्या भांड्यांत रंग कालवायची, चिंधी बुडवायची, वाळवायची आणि दिव्याच्या पेटीत दोन तुकडे शेजारी धरून बघायची. केसाएवढा फरक असला तरी तिला आधी दिसायचा आणि कॉम्प्युटरला मागून. मिलमध्ये तिच्या नजरेचं कौतुक होतं, पण ती नजर सुटी झाल्यावरही बंद होत नसे. लग्नात नवरीचा शालू, दवाखान्यातला पडदा, शेजारणीच्या बांगड्या, सगळं ती मनातल्या मनात जुळवत बसायची आणि थकून जायची.

असल्या माणसाच्या हाती जुना कॅमेरा पडला.

झालं असं, की रविवारच्या जुन्या बाजारात ती मिक्सरचं भांडं शोधायला गेली होती. भांडं मिळालं नाही. एका पथारीवर रोलचा कॅमेरा पडला होता, सोबत कलर रोलची एक बंद डबी. डबीवरची तारीख २००८ ची. विकणारा म्हणाला, “रोल तर मेलेला आहे, बेन. कॅमेरा शोकेसमध्ये ठेवा.” नूतनने घरी पोचायच्या आतच तो रोल भरला आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो डिंडोलीच्या उड्डाणपुलापासून घरापर्यंतच्या रस्त्यात काढून संपवले.

रोल धुऊन द्यायला मात्र कोणी तयार होईना. एक दुकानदार म्हणाला, मुंबईला पाठवतो, महिना लागेल. महिना! तिला दोन दिवस काढवेनात. तिने मोबाईलवर कृती वाचून काढली, रोल धुण्याचं केमिकल मागवलं आणि लॅबच्या पंडितभाऊंना विचारलं. पंडितभाऊ वयाने मोठे, लॅबचे जुने माणूस. केमिकलच्या बाटल्या बरोबर अडतीस डिग्रीवर ठेवाव्या लागतात हे ऐकून ते हसले, आणि पाणी हव्या त्या डिग्रीवर तापवून ठेवणाऱ्या लॅबमधल्या टाकीकडे त्यांनी बोट केलं. “मग आपला पाण्याचा बाथ काय कामाचा? सकाळी शिफ्टच्या आधी ये आणि काय धुवायचं ते धू. फक्त साहेबाच्या डोळ्यांवर येऊ देऊ नको.”

त्या पहिल्या रोलमधून अकरा फोटो निघाले. निगेटिव्ह दिव्याच्या पेटीवर धरून, मोबाईलवर रंग उलटे करून तिने फोटो पाहिले. आभाळ जांभळं, रिक्षा शेवाळ्यासारख्या, माणसांची तोंडं विटकरी. मिलमध्ये असा लॉट निघाला असता तर सगळ्यांची पळापळ झाली असती. इथे कोणी तक्रार करणारं नव्हतं. नूतन बराच वेळ हसत राहिली आणि पंडितभाऊंना वाटलं, बाईला वाफ लागली.

तिचा नवरा चेतन हजीऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला. शांत माणूस, जेवताना फारसा बोलायचा नाही. त्याने फोटो पाहिले आणि पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, “खराब झालेत.”

“अहो, खराब नाही. ह्यांना कोणाशी जुळायचंच नाही!”

“मग बरंय,” चेतन म्हणाला. “आता तरी निवांत बसशील.”

उलटंच झालं. चार-सहा रोलनंतर तिला कळलं, की रोल जितका जुना तितका उजेड जास्त मागतो. दहा वर्षांना साधारण दुप्पट. उन्हात पडलेला रोल वेगळा वागतो, कपाटातला वेगळा. मग ती लागली मागे. सुट्टीच्या दिवशी उधन्यापासून रांदेरपर्यंत ज्या ज्या जुन्या स्टुडिओची पाटी दिसेल तिथे आत शिरायचं आणि विचारायचं, “जुने कलर रोल आहेत का? तारीख गेलेले?” कोणी हसायचं, कोणी माळ्यावरून धुळीचा खोका काढून द्यायचं. एक रोल संपायच्या आत तिला दुसऱ्याची घाई व्हायची.

अशीच ती बेगमपुऱ्यातल्या एका गल्लीत महेशभाईंच्या स्टुडिओत पोचली.

महेशभाई सत्तरीचे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, उजवा हात सतत थरथरणारा. तिचा प्रश्न ऐकून त्यांनी कोपऱ्यातला छोटा फ्रिज उघडला. ताकाच्या पिशव्यांमागे प्लास्टिकच्या डब्यात एकोणीस रोल ओळीने उभे होते. नूतनने वाकून एकेक डबी वाचली. त्या जातीचा रोल कंपनीने बनवणंच कधीचं बंद केलं होतं. तिने फक्त मोबाईलवर चित्र पाहिलं होतं.

“सगळे द्या,” ती म्हणाली.

“वेचवाना नथी, बेन,” महेशभाई म्हणाले. विकायचे नाहीत. दुकानाचं काम संपलं की स्वतःसाठी फोटो काढायचे म्हणून त्यांनी ते राखून ठेवले होते. काम संपलं तेव्हा हात असा झाला. आता जुनी इमारत रिकामी करायची होती, महिनाअखेरपर्यंत. मुलगा अडाजणला फ्लॅटवर घेऊन जाणार होता.

त्यांनी नूतनच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. “तुझा हात हलतो का?”

“नाही.”

“मग तू काढ. हा स्टुडिओ जसा आहे तसा सगळा काढून दे. दोन रोल लागतील. मी सांगीन तिथे उभी राहा.”

पुढच्या रविवारी ती गेली. महेशभाई खुर्चीत बसून सांगत होते. आधी खिडकीजवळचं टेबल. त्यावर त्यांची बायको कुसुमबेन तीस वर्षं बसून फोटोंवरचे डाग ब्रशने भरायची. टेबलाच्या कडेला तिने ब्रश पुसून पुसून रंगांचा एक जाड थर झाला होता. कुसुमबेन जाऊन चार वर्षं झाली होती. “ऊन त्या थरावर येऊ दे,” महेशभाई म्हणाले. “दहा मिनिटं थांब.”

नूतन थांबली नाही. तिने टेबल काढलं, आरसा काढला, पावडरचा डबा, दिवे, पडद्याच्या दोऱ्या, सगळं भराभर काढत सुटली. ऊन आलं तेव्हा फक्त तीन फोटो शिल्लक होते, तेही तिने टेबलावर खर्च केले. दुसरा रोल भरल्यावर मात्र महेशभाईंनी एकेका फोटोला परवानगी दिल्याशिवाय तिला बटण दाबू दिलं नाही. त्यात दार, जिना, गल्ली आणि शेवटी ते स्वतः.

सोमवारी पहाटे उठून ती मिलमध्ये गेली. उजेड लागू नये म्हणून पहिला रोल काळ्या पिशवीत हात घालून धुण्याच्या डब्यात भरला, बाटल्या बाथमध्ये ठेवल्या, वीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि केमिकल डब्यात ओतलं. बाटली हाताला चटका देते आहे हे तिला कळलं होतं. कळूनही ती थांबली नाही. रोल बाहेर काढला तेव्हा तो वरपासून खालपर्यंत काळाकुट्ट होता आणि वरचा थर सुरकुतून दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला होता.

बाथवर आकडा होता साठ. रंग पक्का आहे की नाही हे बघायला पंडितभाऊंनी आदल्या दिवशी लावून ठेवलेला. आकडा लाल दिव्यात ठळक दिसत होता. तिने पाहिलाच नव्हता.

“थर्मामीटर तर तिथेच होतं गं,” पंडितभाऊ एवढंच म्हणाले.

नूतनने दुसरा रोल न धुताच डबीसकट कपाटात टाकला. त्या आठवड्यात तिचे दोन शेड चुकले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. महेशभाईंचा फोन यायचा आणि ती वाजू द्यायची. घरी ती भांडी दोनदा घासायची. कलाबाईने विचारलं तर तिच्यावरच खेकसायची. एकदा ती बेगमपुऱ्याला जायला निघाली, अर्ध्या वाटेवरून परत आली. दुसऱ्यांदा गल्लीपर्यंत पोचली, तर स्टुडिओच्या दाराला कुलूप होतं. फुटपाथवर लाकडाच्या फळ्या रचलेल्या होत्या. एका फळीच्या कडेला रंगांचा जाड थर होता. भंगारवाला ती टेम्पोत चढवत होता.

“ती फळी मला द्या,” नूतन म्हणाली.

“सगळा माल एकत्र घेतलाय, बेन. कारखान्यात जातोय,” तो म्हणाला, आणि टेम्पो निघाला. ती मागे पळाली. चौकापर्यंत पळाली. तिथे सिग्नल सुटला.

घरी आल्यावर तिने चेतनला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “दुसरा रोल धू. आणि जाऊन सांग.”

“ते काय म्हणतील?”

“जे म्हणायचं ते म्हणतील. तू ऐकून घे.”

दुसऱ्या रोलच्या वेळी तिने थर्मामीटर तीनदा बुडवलं. मग वेळ होईपर्यंत स्टूलावर बसून राहिली. छत्तीसपैकी बत्तीस फोटो आले. जिना आला, गल्ली आली. महेशभाई आले, फक्त तोंडावर हिरवट झाक होती.

फोन करून ती अडाजणच्या फ्लॅटवर गेली. तिने दोन्ही रोल आणि आलेल्या फोटोंच्या प्रिंट महेशभाईंसमोर ठेवल्या आणि काहीही न लपवता सांगितलं. साठ डिग्री, चटका, न थांबणं, टेम्पो. महेशभाईंनी आधी जळलेला रोल उचलला. खिडकीशी नेऊन थरथरत्या हाताने उजेडात धरला. त्यात काही नव्हतं, तरी बघत राहिले.

“तुला दहा मिनिटं थांब म्हटलं होतं,” ते म्हणाले. “तिथेही नाही थांबलीस, इथेही नाही.”

“चुकलं माझं, महेशभाई.”

“चुकलंच.” त्यांनी रोल टेबलावर ठेवला. “आता जा तू.”

ती लिफ्ट न घेता सात मजले उतरली. पुढचे दोन महिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. हातांना काम नाही म्हणून तिने घरातल्या सगळ्या पडद्यांची टीप उसवून पुन्हा घातली. चेतन म्हणाला, “आता उशा उसवू नकोस.”

मग एका दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. महेशभाई.

“सतरा रोल फ्रिजमध्ये आहेत,” ते म्हणाले. “सुनेला तो कप्पा हवाय.”

“मी येऊन घेऊन जाऊ?”

“असे नाही न्यायचे. माझं तोंड हिरवं काढलंयस तू. लोक विचारतात, काविळीवर औषध चालू आहे का. ते आधी नीट कर.”

नूतनला हसावं की रडावं कळेना. “ते रोलमुळे झालंय. एक फिल्टर लावला की हिरवं कमी होईल. पण पुन्हा बसावं लागेल तुम्हाला.”

“बसीन. पण ह्या फ्लॅटमध्ये नाही. इथे उजेडच नाही.” मग त्यांनी विचारलं, “तुझ्या घराला गच्ची आहे?”

“आहे.”

“मग रविवारी मुलगा सोडेल मला. रोल डब्यात घालून आणतो. कुसुमचा एक जुना फोटोही आणतो, तो हातात धरून बसायचंय मला. वेळ लागेल हं. आधीच सांगतोय.”

शनिवारपासून नूतनने गच्ची तीनदा झाडली, खुर्चीची जागा चारदा बदलली. कलाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वांगी निवडत होती.

“तो गुजराती बाबा भरीत खाई का व?” तिने विचारलं. “का तिखट कमी टाकू?”