पहिल्याच ओळीत मेलेला कारागीर

गेल्या श्रावणात एका सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास माझी सहावी कथा परत आली. पाठवणारे एका दिवाळी अंकाचे संपादक. निरोप छोटा होता : ‘बातमी उत्तम आहे. कथा कधी पाठवता? दहा दिवस आहेत.’

सुरतेत मी तीस वर्षं बातम्या लिहिल्या. निवृत्त झालो की कथाकार होणार, हे इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की आता माघार घेता येत नव्हती. आधीच्या पाच कथा याच संपादकांनी परत केल्या होत्या. पाहुण्यांना माझी ओळख ‘लेखक’ अशी करून देणं बायकोने चौथ्या कथेनंतर थांबवलं होतं.

परत आलेल्या कथेचं पहिलं वाक्य असं : ‘बमरोली येथील एका लूम्स (यंत्रमाग) कारखान्यात बुधवारी दुपारी विजेचा धक्का बसून एका कारागिराचा मृत्यू झाला.’ पुढे वय, मूळ गाव, मागे पत्नी व दोन मुली. शेवटच्या परिच्छेदात कारखान्याकडे जाणारा रस्ता. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. म्हणून शेवटी गेलं तरी चालेल असंच काही लिहायचं, ही माझी सवय.

बायको मराठी शाळेत शिकवत असे. तिने कागद वाचले.

“अहो, माणूस पहिल्याच ओळीत गेला. पुढची आठ पानं मी काय करू, सुतक पाळू?”

“तपशील सगळे बरोबर आहेत.”

“त्याला काय वाटत होतं, तेवढं राहिलं.”

“त्याला विचारता आलं नाही. मेला होता.”

“मारला कोणी? तुम्हीच ना?”

मी मृत्यू पहिल्या पानावरून आठव्या पानावर नेला. मधल्या जागेत एक प्रसंग घातला : कारागिराची बायको डबा घेऊन कारखान्यात येते, नवऱ्याच्या कानाशी हळूच काही बोलते. दोन सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय मी काही छापलेलं नाही, तेव्हा रविवारी बमरोलीला गेलो. तिथे एक खान्देशी कारागीर माझ्या बातमीदारीच्या दिवसांपासून ओळखीचा. तो आणि त्याची बायको, अशी दोन सूत्रं एकाच खोलीत मिळाली. कथा वाचून दाखवली.

“हळूच?” तो हसला. “साहेब, मशीन चालू असताना मी बोंबललो तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. ही दारात उभी राहते, डबा वर करते. मी पाच बोटं दाखवतो. पाच मिनिटं.”

“आणि चिडलेली असली तर?”

“डबा ठेवून निघून जाते. दोनदा झालं असं.”

“तीनदा,” ती म्हणाली.

सूत्रांत मतभेद होता. मी दोन्ही आकडे टिपून घेतले. मग तिने नवऱ्याला विचारलं, “तो मानूस मरस का शेवटले?”

त्याने माझ्याकडे पाहिलं.

“अजून ठरलं नाही,” मी म्हणालो. मृत्यूच्या बाबतीत हे उत्तर मी पूर्वी कधी दिलं नव्हतं.

“मग नका मारू, साहेब,” तो म्हणाला. “पोरी लहान आहेत त्याच्या.”

पोरी मीच घातल्या होत्या, बातमीत वारस लागतात म्हणून.

कथा नवव्या दिवशी गेली. बाराव्या दिवशी दुपारी संपादकांचा फोन आला.

“घेतो. पण जागा कमी आहे. शेवटचा परिच्छेद काढतो.”

आयुष्यभर मी ज्याची सोय करून ठेवली होती तेच ते मागत होते.

“शेवटचा नको,” मी म्हणालो. “पहिला काढा.”

“पहिल्यात काय आहे?”

“कारखान्याकडे जाणारा रस्ता.” तो मी वर हलवला होता. टाकून देणं जिवावर आलं होतं.

अंक दिवाळीच्या दोन दिवस आधी आला. एक प्रत बमरोलीला दिली. कथेत रस्ता नाही, शेवटचा परिच्छेद आहे. त्यात कारागीर पाच बोटं दाखवतो. बायको डबा खाली ठेवते आणि दारातच उभी राहते.