जमनाबाईनं भांडणं सोडलं तेव्हा

सुपडू आप्पाला मरणाची भीती अशी कधी वाटलीच नव्हती. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तो जन्मल्याबरोबर सुईणीनं त्याला सुपात घातलं, उकिरड्यापर्यंत ओढत नेलं आणि परत आणलं. टाकून दिलेलं पोर काळ कशाला उचलतो. तिथून नाव पडलं सुपडू, आणि अडुसष्ट वर्षं काळानं खरंच त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. गेल्या दिवाळीनंतर मात्र पाहिलं. पोट दुखायला लागलं, रक्त पडायला लागलं, आणि सुरतेच्या दवाखान्यात आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि वर सलाइनीतून द्यायचे आठ डोस सांगितले, दर तीन आठवड्यांनी एक.

आप्पानं तेही मानलं. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तेहतीस वर्षं काढलेला माणूस तो. उसानं भरलेली गाडी आधी काट्यावर घ्यायची, रिकामी झाली की पुन्हा घ्यायची, आणि दोन्हींतला फरक तोच खरा ऊस. गाडीवान तोंडानं काय सांगतो ते ऐकायचंच नाही. आप्पाची सगळी अक्कल या एका रीतीवर उभी होती, आणि नोकरी सुटल्यावर तो ती रीत घरी घेऊन आला होता.

घरात तोलण्यासारखं एकच होतं, जमनाबाईचं तोंड.

जमनाबाई खापर गावची. लग्नाची हळद अंगावर होती तेव्हाच दोघांचं पहिलं भांडण झालं, तेही मेथीच्या भाजीत लसूण किती असावा यावरून, आणि एक्केचाळीस वर्षं झाली तरी त्या भांडणाचा निकाल लागलेला नाही. ती चहाचा कप आदळायची आणि म्हणायची, "ल्या, ढोसा." तो एक घोट घ्यायचा आणि साखर बरोबर असली तरी कमी म्हणायचा. मग ती त्याच्या आईपासून सुरू करायची. तो मिशीत हसत ऐकायचा आणि कुठं थंडावली असं वाटलं की एक काडी टाकायचा. गल्लीला सवय झाली होती. एखाद्या सकाळी आवाज आला नाही तर शेजारची रजिया विचारायची, "भाभी गावले गयी का?"

तिसरा डोस झाला त्या दिवशी मुलगी चेतना बरोबर होती. ती नंदुरबारला शाळेत शिकवते. आप्पा बाहेर बाकड्यावर बसला होता, तेवढ्यात दवाखान्यातल्या एका मॅडमनं मायलेकींना आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, या दुखण्यात पेशंटचं मन जपावं लागतं, नवरा-बायकोची साथ औषधाइतकंच काम करते, घरात ताण नको. चेतनानं बाहेर आल्यावर आईला बाजूला घेऊन त्याचा अर्क काढला. "आई, आप्पांना एक शब्द वाकडा बोलायचा नाही. शपथ घे."

जमनाबाईनं कानबाई देवीची शपथ घेतली. खान्देशात कानबाईची शपथ मोडायची हिंमत कुणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप आदळला नाही. अलगद खाली टेकला.

"चेतनाना बाप, चहा ल्या. साखर बरोबर शे का?"

आप्पानं कपाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "कमी शे," तो सवयीनं म्हणाला.

ती उठली आणि चमचाभर साखर घेऊन आली. आप्पाला तो चहा काही गोड लागला नाही.

दोन दिवस त्यानं वाट पाहिली. बाईचा घसा बसला असेल, एकादशी असेल. तिसऱ्या दिवशी नळाजवळच्या चिखलाचे पाय घेऊन तो सरळ स्वयंपाकघरात गेला. जमनाबाईनं फडकं घेतलं आणि त्याच्या मागं मागं फरशी पुसत आली. डोसापासून त्याला गार काही धरवत नव्हतं, बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून ती त्याला पाणी कोमट करून द्यायची. त्यानं ते भर उन्हाळ्यात 'म्हशीचं मूत' म्हणून अंगणात ओतलं. तिनं दुसरा तांब्या गरम केला.



शेवटी त्यानं ठेवणीतलं काढलं. जेवताना म्हणाला, "तुन्हा भाऊ मोठा चिकट शे. खापरना लोकच तसा."

माहेराचं नाव काढलं की एरवी तीन दिवस बोलणं आणि पुढचे दोन दिवस अबोला ठरलेला. जमनाबाईचा हात भाकरीवर थांबला. तिनं पदर तोंडाला लावला, काहीतरी गिळलं आणि म्हणाली, "व्हई. तुम्ही म्हंतस ते खरं व्हई."

आप्पानं घास ताटात परत ठेवला. भरल्या गाडीचं वजन त्याला पाठ होतं, आणि आज समोर रिकामी गाडी उभी होती. दोन्हींतला फरक त्यानं मनातल्या मनात काढला. डॉक्टरनं हिला आत बोलावून सांगितलं आहे. आपले थोडे दिवस उरले आहेत. नाहीतर खापरला चिकट म्हणवून घेणारी ही बाई नव्हे.

असा त्याचा हिशेब लागला. माणूस मग शहाण्यासारखं आवरायला लागतो. आप्पानं सायकल पुतण्याला देऊन टाकली. चष्म्याचं घर, रेडिओ, कारखान्यातून मिळालेली शाल, सगळं एका पेटीत नीट लावलं. मग तो मेहबूबकडे गेला. मेहबूब म्हणजे रजियाचा नवरा, गाद्या भरणारा, आप्पाचा चाळीस वर्षांचा दोस्त.

"एक गादी भर," आप्पा म्हणाला. "एका माणूसनी. बाईमाणूसना मापनी."

"भाभी कोठे चालनी?"

"ती नही. मी चालनू. मांगे ती एकलीच ऱ्हाई."

मेहबूबनं कापूस पिंजणं थांबवलं. आप्पानं सगळं सांगितलं, चहापासून खापरपर्यंत. मेहबूबनं दाढी खाजवली.

"भो, बायको भांडस नही हाई दुखणं नही, नशीब शे. आठ दिन मन्ही रजियाले लई जा, तुले फरक समजी."

"मस्करी नको."

"मग भाभीले इचार. मी गादी भराव नही."

विचारायचं धैर्य मात्र आप्पाला होईना. सोमवारी चौथा डोस होता. शुक्रवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "सोमवारले मी येवाव नही. बस झालं आते."

त्याला वाटलं, आता तरी ती उठून बसेल. तिनं त्याच्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तुम्हना मनले बरं वाटी तसं करा." आवाज ओला होता. आप्पानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी बिबड्यांचा घाट होता. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि गरम असतानाच ओल्या लुगड्यावर पापडासारखी हातानं थापायची. वर्षाची बेगमी असते ती. ज्या बाईच्या बिबड्या बिघडल्या तिनं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मान वर करू नये. जमनाबाईनं आणि रजियानं मिळून घरावरच्या सपाट धाब्यावर एक अख्खं लुगडं भरलं आणि दोघी खाली दुसरं पातेलं आणायला गेल्या. आप्पाला खाटेवर बसवलं होतं, हातात काठी, कावळे हाकलायला.

कावळे आले नाहीत. आप्पाच्या डोक्यात मात्र एक विचार येऊन बसला. शेवटचं वजन करून घ्यावं. यावरही ती गप्प राहिली तर मग काही शंकाच नाही.

तो उठला. अनवाणी, लुगड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश चालत गेला. ओल्या बिबड्यांवर पाय चांगले उमटले, पाचही बोटांसकट. मग तो परतही आला, दुसऱ्या ओळीवरून.

जमनाबाई जिना चढून वर आली. पातेलं कडेवर होतं, मागं रजिया. दोघींनी लुगड्याकडे पाहिलं. रजियानं तोंडावर हात ठेवला. जमनाबाईच्या कपाळाची शीर फुगली. मग ती हळू म्हणाली, "पायले चटका ते नही ना बसना?"

आप्पा खाटेवर येऊन बसला.

"सांगी टाक," तो म्हणाला. "किती दिन ऱ्हायनात मन्हा?"

"कसाना दिन?"

"डॉक्टरनं तुम्हले मझार बलाईसन सांगं ना. तू भांडस नही आते. मी काय आंधया शे का?"

जमनाबाईनं पातेलं खाली ठेवलं. तिला एकेकाचा अर्थ लागत गेला: सायकल, पेटी, सोमवारचं नाही. आत कुणी काही दिवस सांगितले नव्हते, गाठ गेली, डोस पुरे करा, माणसाचं मन जपा, एवढंच होतं. आणि हा माणूस तिच्या गोड बोलण्यावरून तिरडीचं सामान जमवत बसला होता. तिनं पदर खोचला, कानबाईच्या दिशेला एकदा हात जोडले, माफी मागितली, आणि तोंड उघडलं.

"तुम्हनी अक्कल काटावरच ऱ्हायी गयी का हो? तीन आठवडा जीभ चावी चावी मी भाकर खाई ऱ्हायनी, अन् हाऊ मानूस मरानी तयारी करी ऱ्हायना. मन्हा भाऊ चिकट? तुम्हना बापनी लगनमा दिधेल मानपानना लुगडाले भोक निंघनं व्हतं, ते मी कोले सांगं का? सांगं नही. आते सांगस."

आणि तिनं सांगितलं. भोकाचं लुगडं, मेथीतला लसूण, अंगणात ओतलेलं पाणी, चिखलाचे पाय. गल्लीतले लोक धाब्यांवर आले. मेहबूब खालून म्हणाला, "आप्पा, गादी भरू का?" जमनाबाईनं त्यालाही दोन दिल्या. आप्पा खाटेवर बसून ऐकत होता. मध्येच त्यानं एक काडी टाकली, म्हणाला, लुगड्याला भोक उंदरानं पाडलं होतं. त्यावर अर्धा तास गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला कडकडून भूक लागली होती.

"मी तुले सोडी जाई ऱ्हायनू असं वाटनं," तो शेवटी म्हणाला, हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं.

"मले ईचारान व्हतं ना," ती म्हणाली, तेवढ्याच हळू. मग पुन्हा आवाज चढवून, "हात धुवा. जेवढ्या मोडनात तेवढ्या तुम्हीच थापशात."

आप्पानं जन्मात पहिल्यांदा बिबड्या थापल्या. पीठ ऊन ऊन होतं, मुंग्या आलेल्या बोटांना बरं वाटत होतं. एक बिबडी लांबोडकी झाली, एकीला शेपूट आलं. जमनाबाई प्रत्येकीला नाव ठेवत होती आणि रजिया हसून हसून भिंतीला टेकली होती.

"सोमवारले एस्टी मोटारनी जाऊत," जमनाबाई म्हणाली. "रेल्वेमा जागा भेटस नही."

"मोटारमा हाडं खिळखिळी व्हतंस. रेल्वेनी."

"मागला खेपले उभं ऱ्हावं लागनं तव्हय कोणना पाय दुखनात?"

"मन्हा. मी आजारी शे."

"आजारी शेतस ते मन्हं आयका."

चेतनाचा फोन आला तेव्हा दुपार झाली होती. आई-आप्पा कसे आहेत, घरात शांतता आहे ना, म्हणून ती विचारत होती. रजियानं फोन उचलला आणि भांडत बसलेल्या दोघांच्या मध्ये धरला.